आप्पांचा सातबारा सापडेना, म्हणून फोन आवरायला घेतला

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. पीक कर्जाच्या कामाला आप्पा, म्हणजे माझे वडील, तालुक्याला निघालेले, मी गाडी चालवायला सोबत. खिडकीतल्या मॅडमनी सातबारा मागितला, आप्पा ऐटीत म्हणाले मोबाईलमध्ये आहे की, आणि जे बोट फिरवायला लागले ते थांबेचनात. शुभ सकाळ, गुलाबाचं फूल, परत शुभ सकाळ, पुतणीच्या बारशाचे एकाच पोजमधले अकरा फोटो, कुणाचा तरी चिखलात रुतलेला ट्रॅक्टर, परत गुलाब. मागची रांग चुळबुळायला लागली, मॅडम म्हणाल्या, "आजोबा, सापडला की या, तोवर पुढच्यांचं बघते." घरी येऊन मी शोधला तर सातबारा फोनमध्येच होता, फक्त त्याचं नाव होतं डीओसी-२०२४०६०३-डब्ल्यूए०००४. आता या नावावरून ब्रह्मदेवाला तरी कळेल का आत काय आहे ते.

त्या रविवारी आप्पांचा फोन आवरला, मग मावशीचा, मग शेजारच्या काकांचा, आता सोसायटीत मी फोन साफ करणारा म्हणूनच फेमस आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, फोन भरलाय. पण खरं सांगू का, फोन भरलाय हा अर्धाच प्रॉब्लेम असतो, उरलेला अर्धा म्हणजे कशालाही धड नाव नाही आणि ठरलेली जागा नाही. म्हणून मी फोन आवरताना एकच कसोटी लावतो: खिडकीसमोर उभं असताना, मागे रांग असताना, घाम फुटलेला असताना लागणारा कागद चार-पाच टॅपमध्ये उघडला पाहिजे. बाकी आयकॉन रंगाप्रमाणे लावणं वगैरे हौसेची कामं आहेत, ती नंतर.

सुरू करायच्या आधी: फोन चार्ज करून घ्या, वायफाय असेल तर उत्तम, आणि दीड-दोन तास हाताशी ठेवा. मी सांगतोय ते अँड्रॉइडचं आहे, कारण आमच्या गोतावळ्यात तेच आहेत, आणि मेनूची नावं कंपनीप्रमाणे थोडीफार बदलतात तेव्हा अगदी शब्दाला शब्द जुळला नाही तर घाबरू नका, आजूबाजूला बघा, तिथंच असतं.

आधी बघा जागा कोण खातंय

सेटिंग्जमध्ये जा, स्टोरेज उघडा. तिथं रंगीत पट्टी दिसेल, फोटो इतके, व्हिडिओ इतके, ॲप्स इतकी, सिस्टीम इतकी. सिस्टीमच्या वाट्याला हात लावता येत नाही, ६४ जीबीचा फोन म्हणून घेतला तरी पूर्ण ६४ आपल्याला कधीच मिळत नाहीत. या पट्टीचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, स्क्रीनशॉट नाही हं, कागदावर आकडा लिहिला तरी चालेल, शेवटी ताळा करायला मजा येते. आप्पांच्या फोनमध्ये ३०० एमबी शिल्लक होते आणि एकट्या व्हॉट्सॲपने २३ जीबी अडवलेले.

म्हणून बऱ्याच फोनमध्ये सुरुवात व्हॉट्सॲपपासूनच करावी लागते. लोक काय करतात, जागा भरली की आधी ॲप्स उडवतात, एखादं ६० एमबीचं ॲप काढतात आणि पुढच्या सणाला तेवढेच फॉरवर्ड परत येऊन पडतात, म्हणजे मोरी तुंबलेली आणि आपण तांब्या धुतोय.

व्हॉट्सॲपचा माळा उतरवणे

व्हॉट्सॲप उघडा, वरचे तीन टिंब, सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. इथं दोन ढीग आयते करून ठेवलेले असतात, एक म्हणजे पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेलं आणि दुसरा ५ एमबीपेक्षा मोठं. त्याच्या खाली सगळ्या चॅटची यादी, जास्त जागा खाणारं वर.

पहिला ढीग जवळजवळ डोळे मिटून डिलीट करता येतो, कारण जे हजार लोकांनी पाठवलंय ते लागलं तर परत येतंच, येतंच म्हणजे काय न मागता येतं. दुसऱ्या ढिगाला मात्र डोळे उघडे ठेवा. त्यात सिनेमाची क्लिप असते तशीच आजीच्या पंचाहत्तरीची औक्षणाची क्लिपही असते. फाईल मोठ्यातली मोठी वर येईल अशी लावा, एकेक उघडून बघा, ठेवायचं ते राहू द्या, बाकीचं सिलेक्ट करून कचऱ्यात. खालच्या यादीत वरचे चार-पाच ग्रुप घेतले तरी पुरतं. आमच्यात पहिला नंबर भजनी मंडळाचा होता, दुसरा शाळेच्या जुन्या बॅचचा.

एक धोका सांगतो, इथून उडवलेली जुनी फाईल परत डाउनलोड होईलच असं नाही. महत्त्वाचं वाटलं तर आधी बाहेर काढून ठेवा, कसं ते पुढे येतंय.

आता नळ बंद करायचा. त्याच स्टोरेज अँड डेटामध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड आहे, मोबाईल डेटावर काय आपोआप उतरावं, वायफायवर काय, रोमिंगमध्ये काय. तिन्हीकडे व्हिडिओची खूण काढा. मी आप्पांच्या फोनवर फोटोंचीही काढली, आधी कुरकुरले, मग म्हणाले बरं झालं, आता जो बघायचाय त्यावरच बोट दाबतो. आणि सेटिंग्जमधल्या चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी म्हणून एक बटण आहे, ते बंद केलं की व्हॉट्सॲपवरचे फोटो गॅलरीत घुसत नाहीत. यात एक खोच आहे, ते बंद केल्यानंतर येणाऱ्या फोटोंनाच हे लागू होतं, आधीचे गॅलरीतून आपोआप जात नाहीत, त्यामुळे बंद करूनही गुलाब दिसतोय अशी तक्रार घेऊन लगेच येऊ नका.

फाईलच्या नावातली गंमत

हे कळलं की निम्मं काम सोपं होतं म्हणून जरा थांबून सांगतो. फोटोच्या डिटेल्समध्ये जाऊन नाव बघा. आयएमजी-२०२४०६१२-डब्ल्यूए००१२ असं असेल तर आयएमजी म्हणजे इमेज, मधला आकडा म्हणजे २०२४ साल, ०६ महिना, १२ तारीख, डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सॲप, आणि शेवटी त्या दिवसातला नंबर. व्हिडिओला व्हीआयडी, कागदपत्राला बऱ्याचदा डीओसी. म्हणजे आप्पांचा सातबारा ३ जूनला आलेला, हे नावातच लिहिलेलं होतं, आपल्याला वाचता येत नव्हतं एवढंच. ही तारीख फाईल व्हॉट्सॲपवर आल्या-गेल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे, त्यामुळे १९९२ च्या लग्नाचा फोटो २०२४ च्या नावाने दिसतो आणि मावशी म्हणते मोबाईल बिघडलाय.

ज्या नावात डब्ल्यूए नाही ते बहुतेक आपल्याच कॅमेऱ्यातले, आणि ते डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये कॅमेरा म्हणून असतात. हे मूळ फोटो, यांना जपायचं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो, फ्रेम करायला छापलात तर चेहरे पुसट येतात, तेव्हा छापायचा असेल तर पाठवणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव.

फोटो: इथं जपून

गुगल फोटोज वापरत असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. त्यात बॅकअप, म्हणजे फोटोंची एक कॉपी वर इंटरनेटवर गुगलच्या खात्यात ठेवणं, चालू असताना फोटो साधा डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. फोनमधली जागा मोकळी करायची पण फोटो ठेवायचे असतील तर फ्री अप स्पेस नावाचं वेगळं बटण आहे, ते फक्त वर पोचलेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं. या दोन बटणांतल्या गोंधळात शेजारच्या काकांनी केरळ ट्रीपच घालवली होती, नशीब कचरापेटीत होती. बॅकअप झालेले फोटो त्या पेटीत ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस, काका बाविसाव्या दिवशी माझ्याकडे आले.

वरची जागाही फुकट आहे म्हणून अफाट नाही. गुगलच्या खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज सगळे वाटेकरी. १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो यात मोजले जातात, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरतात. म्हणून आधी व्हॉट्सॲप साफ करा म्हणतोय, कचऱ्याचा बॅकअप घेऊन काय करायचंय.

आणि डिलीट केलं तरी जागा तेवढीच दिसते असं होत असेल तर गॅलरीची कचरापेटी उघडा, सगळं तिथं पडलेलं असतं. ती रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. पण रिकामी करायच्या आधी एकदा वरून खाली नजर टाका, काकांची केरळ ट्रीप आठवा.

स्क्रीनशॉटचं फोल्डर वेगळं असतं, तिथं जुने पैसे भरल्याचे पुरावे, कुणाचे पत्ते, संपून गेलेल्या ऑफर. सहा महिन्यांपूर्वीचे बिनधास्त काढा. ज्यात खातं नंबर किंवा एखादा पासवर्ड दिसतोय ते तर आजच.

ॲप्स: मिसळणाचा डबा आठवा

स्वयंपाकघरात मोहरी, हळद, तिखट मिसळणाच्या डब्यात असतं आणि जायपत्री वरच्या फळीवर. होम स्क्रीनचं तसंच. रोज लागणारी सात-आठ ॲप्स पहिल्या पानावर, आणि अगदी खालच्या पट्टीत, जी पान बदललं तरी हलत नाही, तिथं फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, कॅमेरा. बाकीच्यांचे गट करा. एका आयकॉनवर बोट दाबून धरा, सरकवत दुसऱ्यावर नेऊन सोडा, फोल्डर तयार. त्याला नाव द्या, पैसे, प्रवास, सरकारी, गाणी-सिनेमे. मराठीतच द्या, आप्पांच्या फोनवर कंपनीने आपल्या मनाने टूल्स नाव दिलेलं, त्यांना दोन वर्षं वाटत होतं ते रिपेरिंगवाल्याचं आहे.

आयकॉन होम स्क्रीनवरून काढणं आणि ॲप अनइन्स्टॉल करणं हे बऱ्याच फोनमध्ये दोन वेगळे प्रकार आहेत, ओढताना वर रिमूव्ह लिहिलंय का अनइन्स्टॉल ते वाचून मगच सोडा. काही फोनमध्ये मात्र सगळी ॲप्स होम स्क्रीनवरच असतात, तिथं काढलं म्हणजे गेलंच.

कुठली उडवायची? प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करा, मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस, तिथल्या यादीत कमी वापरलेली आधी लावता येतात. मावशीच्या फोनमध्ये चार टॉर्च निघाल्या, फोनची स्वतःची धरून पाच. फोनबरोबर आलेलं जे ॲप निघतच नाही त्याला डिसेबल करा. आणि फोन फास्ट करून देतो, कचरा साफ करतो म्हणणारी ॲप्स कृपा करून टाकू नका, स्वतःच जागा खातात वर जाहिराती दाखवतात.

पैशाच्या ॲपबाबत थोडं सांभाळून. ॲपच्या स्टोरेजमध्ये दोन बटणं असतात, क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा, काही फोनमध्ये दुसऱ्याला क्लिअर स्टोरेज म्हणतात. पहिलं बिनधोक, ते म्हणजे ओट्यावरचं पीठ पुसणं. दुसरं म्हणजे डबाच रिकामा करणं, ॲप नव्यासारखं कोरं होतं. यूपीआयच्या ॲपला चुकून ते केलं तर बँकेतले पैसे कुठं जात नाहीत, पण बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस पाठवून सगळं परत जोडत बसावं लागतं, आणि हे नेमकं पेट्रोल भरल्यावर लक्षात येतं.

कागदपत्रं: खरं काम इथं आहे

फोनमध्ये फाइल मॅनेजर किंवा फाइल्स नावाचं ॲप असतं, नसेल तर गुगलचं फाइल्स टाका. इंटर्नल स्टोरेजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर आहे, त्यात आपले फोल्डर करा. जास्त नको. आप्पांच्या फोनमध्ये पाच आहेत: ओळखपत्रं, शेती, बँक, दवाखाना, इतर. मी पहिल्यांदा उत्साहात सतरा केले होते आणि शेतीच्या विम्याची पावती शेतीत का विम्यात यावर आम्ही बापलेक अर्धा तास वाद घातला. दोन जागी बसेल असा कागद आला की समजा फोल्डर जास्त झालेत.

मग नाव. माझी पद्धत अशी, आधी कुणाचं, मग काय, मग कधीचं. आप्पा-सातबारा-२०२४-०६. आई-रक्तातपासणी-२०२४-०८. माणसाचं नाव पुढे कारण आपण शोधतो तसंच, आईचा रिपोर्ट कुठाय, असंच विचारतो ना. तारखेत वर्ष आधी आणि मग महिना, कारण फोन नावाप्रमाणे लावतो तेव्हा जुनं वर आणि नवं खाली आपोआप येतं, उलट टाकलं तर २०२२ चा ऑगस्ट २०२४ च्या सप्टेंबरच्या आधी आणि २०२४ च्या जूनच्या नंतर असा घोळ. सातबाऱ्याला तर तारीख हवीच, ऑफिसात ताजा मागतात, जुना काढून दाखवला की परत हेलपाटा. राज्य सरकारच्या महाभूमी साइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो पीडीएफ उतरला की लगेच नाव बदलायचं, नंतर बदलू म्हटलं की संपलं.

नाव बदलायला फाईलवर बोट दाबून धरा, तीन टिंब, रिनेम. शेवटी टिंब देऊन पीडीएफ लिहिलेलं असतं ते तसंच ठेवा, ते खोडलं तर फाईल कशात उघडायची ते फोनला कळत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेले कागद कुठे असतात? फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर, त्यात परत व्हॉट्सॲप, परत मीडिया, आणि मग व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स. सात दारं ओलांडल्यावर देवाचं दर्शन. इतकं नको असेल तर चॅटमध्येच फाईल उघडून शेअर करून ड्राइव्हमध्ये सेव्ह केली तरी चालते. फोल्डरमधून घेताना कॉपी करा, मूव्ह नको, मूव्ह केलं की चॅटमधली फाईल उघडत नाही. आणि त्या अँड्रॉइड फोल्डरमध्ये इतर कुठे उचकापाचक नको.

डाउनलोड्स फोल्डरही तेव्हाच बघा, एकाच लाइट बिलाच्या चार कॉप्या कंसात १, २, ३ लिहून पडलेल्या सापडतील. आणि नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल दिसली, विशेषतः लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाच्या चलनाच्या नावाने आलेली, तर उघडू नका, सरळ डिलीट. पत्रिका फोटोत येते किंवा पीडीएफमध्ये येते, एपीके म्हणजे ॲप, आणि असल्या ॲपमधून लोकांचे मेसेज वाचून खाती रिकामी झालेली आहेत.

ओळखपत्रांचं थोडं वेगळं. लायसन्सचा गॅलरीतला फोटो आणि सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधलं लायसन्स हे एक नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स आणि आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, चालतं, २०१८ मध्ये केंद्राने तसं राज्यांना कळवलेलं आहे, नुसत्या फोटोला तो मान नाही. तेव्हा डिजिलॉकर टाकून घ्या आणि पहिल्या पानावर ठेवा. आधारचा पीडीएफ उघडायला पासवर्ड मागतो, तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, आप्पा हे विचारायला तीनदा सायबर कॅफेत गेले होते. हॉटेलात वगैरे द्यायला मास्क्ड आधार उतरवून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हे सगळं गुगलच्या फाइल्समधल्या सेफ फोल्डरमध्ये पिन लावून ठेवता येतं, पण तो पिन विसरलात तर आतलं तुम्हालाही दिसणार नाही, म्हणून मूळ कॉपी दुसरीकडेही हवी.

कागद स्कॅन करायचा असेल तर ड्राइव्हमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्याने कडा कापून सरळ पीडीएफ होतो. कागद गडद सतरंजीवर ठेवा, खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली आपलीच सावली पडते. चार पानं असतील तर एकाच पीडीएफमध्ये घ्या.

दुसरी कॉपी

मेमरी कार्ड टाकता येत असेल तर फोटो तिकडे हलवता येतात, पण कार्ड एक दिवस न सांगता जातं, त्यामुळे एकुलती एक कॉपी कार्डावर नको. मी दिवाळीला आणि मे महिन्यात फोनला लागणारा पेनड्राइव्ह लावतो, डॉक्युमेंट्स आणि कॅमेरा ही दोन फोल्डर कॉपी करतो, पेनड्राइव्हवरचे दोन-तीन फोटो आणि एखादा पीडीएफ उघडून बघतो, मगच फोनमधलं काही काढायचं असेल तर काढतो.

आणि डायल पॅडवर *#०६# दाबा, पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, येईल, दोन सिम असतील तर दोन. हा फोनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, फोनच हरवला तर बघणार कुठे, तो घरच्या डायरीत पेनने लिहा. हरवल्यावर सरकारच्या संचार साथी साइटवरून फोन ब्लॉक करायला तोच लागतो.

आप्पांच्या फोनमध्ये संध्याकाळपर्यंत २१ जीबी मोकळे झाले. पुढच्या वेळी खिडकीवर त्यांनी सातबारा काढून दाखवला आणि मॅडमना वर हेही सांगितलं की २०२३ चा पण आहे, दाखवू का. आता आईचा फोन राहिलाय. त्यात अडीच हजार स्क्रीनशॉट आहेत, जवळपास सगळे रेसिपीचे, आणि एकालाही हात लावायचा नाही अशी ताकीद आहे, म्हणून सध्या 'उपवास' आणि 'रोजचं' असे दोन अल्बम करून दिलेत आणि ती दुपारी चष्मा लावून एकेक त्यात सरकवत बसते.